बीपी-शुगर असताना क्रूझचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताय? या चुका टाळा

बाबांना बीपी २०१४ पासून, शुगर २०१७ पासून, आणि क्रूझची हौस मात्र आत्ता, सत्तरीला टेकल्यावर. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, ४ रात्री. तिकिटं झाली, खरेदी झाली, आईचे चिवडा-लाडूचे डबे भरून झाले आणि निघायला आठ दिवस राहिले तेव्हा कुणालातरी आठवलं की अरे, इन्शुरन्स राहिला. आपल्याकडे हे असंच असतं, फॉरेक्स कार्ड आणि सिमकार्डच्या मधे कुठेतरी दहा मिनिटांत उरकायचं काम. मी पण तेच केलं, म्हणून हे लिहितोय.

एजंटचा फोन आला. "सर, आधीचा काही आजार आहे का, तिथे नो करून टाकू ना? यस केलं तर प्रीमियम वाढेल, शिवाय मेडिकल पण मागतील." इतक्या सहज म्हणाला की मी जवळजवळ हो म्हणून गेलो होतो. ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती बहुतेक वेळा आपण करतच नाही, आपल्या नावाने दुसरं कुणीतरी करतं. फॉर्म एजंटने भरला, ओटीपी आपण सांगितला, म्हणजे डिक्लेरेशन आपलं. नंतर "मला माहीतच नव्हतं" याला काही अर्थ नाही. आणि आजार लपून राहत नाही हो, पेशंट कुठल्याही डॉक्टरसमोर बसला की तो पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या गोळ्या चालू आहेत? ते केसपेपरवर येतं आणि तोच केसपेपर क्लेमला जोडायचा असतो. म्हणून यस करा, गोळ्यांची नावं लिहा, आणि पॉलिसी हातात आली की त्यात आजार खरंच छापून आलाय का ते बघा. आमच्या पहिल्या पीडीएफमध्ये फक्त बीपी होतं, शुगर गायब. ईमेल करून दुरुस्ती करून घेतली. फोनवर नाही, ईमेलवर, म्हणजे पुरावा राहतो.

आता "पीईडी कव्हर्ड" हा शब्द. पीईडी म्हणजे प्री-एक्झिस्टिंग डिसीज, पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार. आजार सांगितला, जास्तीचे पैसे भरले, म्हणजे आता सगळं कव्हर, असं वाटतं ना? तसं नसतं. भारतातल्या बऱ्याच ओव्हरसीज पॉलिसींमध्ये जुन्या आजारासाठी कव्हर म्हणजे जीवावर बेतलेली इमर्जन्सी, आणि तीसुद्धा पेशंट स्टेबल होईपर्यंतच. शुगर वाढली म्हणून दाखवायला गेलात, गोळ्या हरवल्या म्हणून नवीन घेतल्या, घरी येऊन फॉलोअप केला, हे बहुतेक ठिकाणी तुमच्या खिशातून. दुसरं म्हणजे वर मोठ्या अक्षरात १ लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आत पीईडीसाठी वेगळाच, फार छोटा आकडा असतो. साठीच्या पुढच्या लोकांना तर काही प्लॅनमध्ये रूमचं भाडं, आयसीयू, सर्जन अशा प्रत्येक गोष्टीला वेगळी लिमिट लावलेली असते. म्हणून "कव्हर आहे का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर कायम हो असतं. "किती डॉलरपर्यंत, कुठल्या परिस्थितीत, आणि तेवढ्यातच जहाजावरून उतरवण्याचा खर्च पण धरलाय का" असं विचारा, मग समोरचा जरा थांबतो आणि "चेक करून सांगतो" म्हणतो.

हा उतरवण्याचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण क्रूझ आणि साधी टूर यातला खरा फरक इथेच आहे. मोठ्या जहाजावर मेडिकल सेंटर असतं, डॉक्टर आणि नर्स असतात, ईसीजी, एक्स-रे, ठरावीक ब्लड टेस्ट, अगदी व्हेंटिलेटरसुद्धा असतो. पण ते हॉस्पिटल नाही. अँजिओप्लास्टी किंवा मोठं ऑपरेशन तिथे होत नाही. त्यांचं काम पेशंटला सांभाळायचं आणि गरज पडली तर पुढच्या बंदरात उतरवायचं, फारच गंभीर असेल आणि किनारा टप्प्यात असेल तर हेलिकॉप्टर. मग जहाज पुढे जातं. तुम्ही परक्या गावात, पेशंट हॉस्पिटलमध्ये, बरोबरच्या माणसाला हॉटेल हवं, परतीचं विमान भलत्याच शहरातून, आणि उरलेल्या क्रूझचे पैसे गेलेले. त्यामुळे मेडिकल इव्हॅक्युएशन (पेशंटला हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च), सोबतच्या माणसाचा खर्च आणि ट्रिप अर्धवट सुटण्याची भरपाई या तीन ओळी शोधून वाचा, आणि जुन्या आजारामुळे हे घडलं तरी लागू आहे का ते लेखी विचारा. ट्रिप कॅन्सलेशन तर मी सांगतो, बहुतेक प्लॅनमध्ये जुन्या आजारासाठी नसतंच.

डोस बदलण्याची भानगड वेगळीच. आमच्या डॉक्टरांनी निघायच्या आधी रुटीन चेकअपमध्ये बीपीची गोळी ४० ची ८० केली. आपल्याला वाटतं बरं झालं, बीपी कंट्रोलमध्ये आलं. काही परदेशी पॉलिसींच्या भाषेत याचा अर्थ आजार "स्टेबल नाही". अमेरिकेतल्या पॉलिसी साधारण ६० ते १८० दिवस मागे वळून बघतात, त्या काळात नवीन औषध, डोस बदल, नवीन टेस्ट असं काही असलं की तो आजार बाहेर. आपल्याकडे शब्द वेगळे असतील, पण पॉलिसी घेतल्यावर डोस बदलला तर कंपनीला ईमेलवर कळवून ठेवा. आणि म्हणून चेकअप टाळायचा नाही, काय पण अक्कल चालवतात लोक, चेकअप पुरेसा आधी करा की!

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. तिथे ट्रिपचे पहिले पैसे भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांच्या आत पॉलिसी घेतली, परत न मिळणारा सगळा खर्च इन्शुअर केला आणि पॉलिसी घेताना तुम्ही प्रवासाला फिट असलात, तर बऱ्याच कंपन्या जुन्या आजाराची अट माफ करतात. एक दिवस उशीर झाला की ती सोय गेली. मेडिकेअरवाल्यांनी (म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा असलेल्यांनी) हे पण लक्षात ठेवा, जहाज अमेरिकन बंदरापासून ६ तासांपेक्षा लांब असेल तर जहाजावरच्या उपचाराला मेडिकेअर लागत नाही. आणि इथून गेलेल्या आईबाबांना घेऊन मायामीवरून बहामाज करणार असाल तर त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समधला "अ‍ॅक्यूट ऑनसेट" हा शब्द वाचा. त्याचा अर्थ जुना आजार अचानक, आधी काही लक्षण नसताना उसळणं. हळूहळू वाढत गेलेला त्रास त्यात बसत नाही, वयाची मर्यादा असते, आणि बरेच प्लॅन २४ तासांत उपचार घेतलेले असावेत अशी अट घालतात. अमेरिकेबाहेरची बंदरं त्यात धरलीत का हेही विचारा.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप क्रूझला जाणारे म्हणतात, आपला मेडिक्लेम आहे की. पण मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलची व्याख्या असते, गावाच्या लोकसंख्येप्रमाणे किमान १० किंवा १५ बेड वगैरे, आणि साधारण २४ तासांची अ‍ॅडमिशन लागते. जहाजावरचा दवाखाना त्यात बसवणं कठीण आहे. किनाऱ्यावर हॉस्पिटलात गेलात तर मेडिक्लेम, जहाजावरचं बिल तुमचं, असं धरूनच चला.

बारीकसारीक पटकन सांगतो. पॉलिसीच्या तारखा जहाजाच्या नाही, घरातून निघून परत घरी येईपर्यंतच्या घ्या. प्रत्येक बंदराचा देश त्यात हवा. गोळ्या खांद्यावरच्या बॅगेत, कारण टर्मिनलवर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते.

तर दुसऱ्या रात्री बाबांच्या छातीत जड वाटायला लागलं. मेडिकल सेंटर खालच्या डेकवर, लिफ्टमधून जाताना वरून गाण्यांचा आवाज येत होता. ईसीजी, दोनदा ब्लड टेस्ट, रात्रभर मॉनिटर, सकाळी डॉक्टर म्हणाले हार्ट ठीक आहे, बहुतेक अ‍ॅसिडिटी. बिल थेट केबिनच्या खात्यावर, डॉलरमध्ये, पैसे आधी आपण भरायचे मग क्लेम. मी जहाजाच्या वायफायवरून इन्शुरन्स कंपनीचा असिस्टन्स नंबर लावत बसलो, लागेना, शेवटी पुण्यात बहिणीने फोन करून क्लेम नंबर घेतला. हा नंबर आणि पॉलिसीची कॉपी जमिनीवरच्या एका माणसाकडे असूच द्या. उतरायच्या आधी तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, डॉक्टरांच्या नोट्स आणि ईसीजीचा कागद, सगळं सही-शिक्क्यासह घेतलं. शेवटच्या सकाळी तिथे झुंबड असते, आदल्या संध्याकाळीच जा.

एवढं सगळं करून चूक झालीच. नर्सने विचारलं शुगर कधीपासून, आणि बाबा आपले मोकळेपणाने, "असेल की दहा-बारा वर्षं." फॉर्मवर आम्ही २०१७ लिहिलं होतं. कंपनीने तेवढंच धरलं, माहिती चुकीची दिली म्हणून क्वेरी आली. घाबरलेल्या माणसाला कुठलं साल आठवतंय! मग डायबेटॉलॉजिस्टकडे जाऊन २०१७ चा पहिला केसपेपर आणि त्यांचं सर्टिफिकेट आणलं, नशीब आईने फाइल टाकली नव्हती. तुम्ही आधीच एका कागदावर आजार, साल, गोळ्या, डोस, अ‍ॅलर्जी असं इंग्रजीत टाइप करून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कुणी विचारलं की तो कागदच पुढे करायचा, तोंडी काही नाही.

आमचा क्लेम दोन महिन्यांनी पास झाला, १०० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, कापून. झाला नसता तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन म्हणजे विमा लोकपाल, एक वर्षाच्या आत. वकील लागत नाही, फी नाही, ऑफिस मुंबईत आहे आणि पुण्यातही आहे. बाबांनी त्याचा पत्ता त्या कागदाच्या मागे लिहून ठेवलाय, आता अलास्का म्हणतायत.