दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

हवाई अंतर काढायला बसताना भिंतीवरचा सपाट नकाशा आधी बाजूला ठेवावा. त्यावर पट्टीने आखलेली रेघ सहसा सर्वांत जवळची वाट नसते. गोल पृथ्वीवर ती वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जाते, आणि म्हणूनच लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले विमान नकाशावर उगाच उत्तरेकडे वळसा घेतल्यासारखे दिसते. पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे 94 सेंटिमीटर आणि पृथ्वीचा साधारण 40,000 किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे 425 किलोमीटरचा झाला. लंडन ते न्यूयॉर्क दोरा 13 सेंटिमीटर भरतो, त्याचे 5,525 किलोमीटर होतात. दोन्हीकडच्या मुख्य विमानतळांमधले अंतर सुमारे 5,540 किलोमीटर आहे. दोऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. संकेतस्थळावरून आकडा घेतल्यास तो किलोमीटरचा आहे की सागरी मैलांचा, हे मात्र पाहावे, कारण एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो.

मोठी जेट विमाने उंचीवर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातात. या वेगाने भागल्यास उत्तर सहा तास दहा मिनिटे येते. पण धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरल्यावर जागेवर पोहोचणे यांसाठी आणखी अर्धा ते पाऊण तास धरावा लागतो. त्यानंतर वाऱ्याचा हिशेब येतो, आणि खरी तफावत तोच पाडतो. मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्याच उंचीच्या सुमारास, जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना विमानाला पाठबळ मिळते, तर परतीच्या वाटेवर तोच वारा तोंडावर येतो आणि प्रवास सहसा तासभर लांबतो. हिवाळ्यात हा प्रवाह अधिक जोरदार असतो. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा काढावा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. लंडनहून सकाळी 11 वाजता निघून न्यूयॉर्कला दुपारी 2 वाजता पोहोचणारा प्रवास तीन तासांचा नसतो. न्यूयॉर्कचे घड्याळ पाच तास मागे असल्यामुळे तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे 7 वाजलेले असतात, म्हणजे प्रवास आठ तासांचा झाला. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणूनच वजाबाकी करावी. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळे ब्रिटनच्या आधी पुढे केली जातात, त्यामुळे काही आठवडे हा फरक चारच तासांचा राहतो; त्या दिवसांतले तिकीट असल्यास तारीख पाहूनच गणित मांडावे.

वाटेत विमान बदलायचे असल्यास थेट अंतराचा उपयोग नाही. प्रत्येक टप्प्याचे अंतर आणि वेळ स्वतंत्रपणे काढून त्यात मधला मुक्काम मिळवावा.