लेकराला वाफ लावताना या चुका टाळा

थंडी लागली की आमचा लहान मुलांचा वॉर्ड भरून जातो. बीड, परभणी, जालन्याकडची तीन-चार महिन्यांची लेकरं. नाक गळतंय, पोट उडतंय, दूध ओढवत नाही. केसपेपरवर ब्रॉन्किओलायटिस लिहिलेलं असतं, म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांना आलेली सूज. बहुतेकदा हा विषाणू आरएसव्ही असतो. आईच्या मागे उभ्या असलेल्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, वाफ कधी लावता?"

सगळा जीव त्या वाफेत अडकतो, तीच पहिली चूक. ही वाफ म्हणजे नेब्युलायझर, औषधाचं बारीक धुकं करून मास्कमधून देणारं मशीन. त्यातून आम्ही ३ टक्क्यांचं मिठाचं पाणी देतो. ते नळ्यांमध्ये पाणी ओढून घेतं, त्यामुळे चिकट कफ पातळ होतो. पण फायदा बेताचाच. २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, दवाखान्यातला मुक्काम सरासरी नऊ-दहा तासांनी कमी झाल्याचं दिसलं, तेही खात्रीनं नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना ही वाफ देऊ नका म्हणतात, तर अमेरिकेच्या २०१४ च्या सूचना भरती असलेल्या बाळांना देता येईल म्हणतात. म्हणून एक डॉक्टर ती लावतात, दुसरे लावत नाहीत. त्यावरून वाद घालू नका.

आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो. त्या दिवसांत लेकराला तारतं ते नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध आणि लागेल तसा ऑक्सिजन. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. पाजण्याआधी साध्या ०.९ टक्के सलाईनचे एक-दोन थेंब नाकात टाकून शेंबूड ओढून काढला, की अंगावर घेतल्यावर बाळ लगेच ओढायला लागतं. हे मी किती वेळा पाहिलंय! तरी "कफ वाढंल" म्हणून आजी दूध तोडायला लावतात. आजी, कफ दुधानं वाढत नाही हो, लेकरू मात्र सुकतं.

आता मास्कचं. लेकरू रडतं म्हणून आई मास्क चार बोटं लांब धरते आणि औषध हवेत जातं. मास्क नाका-तोंडावर नीट टेकला पाहिजे. बाळाला मांडीवर उभं टेकवून घ्या, शांत होऊ द्या, जमलं तर झोपेत लावा. रडताना औषध खोलवर पोचत नाही. पोटभर पाजल्यावर लगेच लावलं तर उलटी होते. धुकं येत नसेल तर आधी नळी सुटली का, पिळली का ते बघा, मग औषधाचा कप आडवा झालाय का. कपातला छोटा प्लास्टिकचा तुकडा धुताना मोरीत गेला असेल तर मशीन नुसतीच घरघरत राहते. आमच्याकडे एकदा नातेवाइकांनी वाफेसाठी ऑक्सिजनची नळी स्वतःच काढून ठेवली आणि बाळाचे ओठ निळे पडले. नळीला हात लावायचा तर आधी सिस्टरला हाक मारा.

घरी मीठ कालवून मशीनमध्ये घालू नका. ते निर्जंतुक नसतं, प्रमाणही चुकतं. ३ टक्क्यांच्या पाण्यानं कधी नळ्या उलट आवळतात, म्हणून ते दवाखान्यात लक्ष ठेवूनच देतात. थोरल्या पोराची दम्याची उरलेली औषधंही यात घालू नका. आणि पातेल्यातली गरम वाफ तर नकोच, भाजलेली बाळं मी पाहिलीत.

ओवा-लसणाच्या सालीची धुरीही नको. ऊसतोडीला जाताना लेकरू कोपीत चुलीजवळ ठेवावं लागतं, माझ्या बहिणींची अडचण मला कळते. पण धुरानं याच बारीक नळ्या आणखी सुजतात. चूल दाराबाहेर मांडता आली तर मांडा.

सुट्टी झाल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे राहतो, त्याला घाबरू नका. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, नेहमीच्या निम्मंही दूध घेत नसेल, कण्हत असेल किंवा मध्येच श्वास थांबत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत बाळाला उभं छातीशी धरून ठेवा.