डायलिसिसवरच्या माणसाचं पोटॅशियम घरी कसं सांभाळायचं

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा बघायला येणारा प्रत्येकजण शहाळी घेऊन यायचा, पडवीत ढीग लागलेला असायचा. आजारी माणसाला शहाळं द्यायचं हे आपल्या कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पण ज्याच्या किडन्या काम करत नाहीत त्याच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. त्याला हेच पाणी जिवावर बेतू शकतं, कारण एका मोठ्या शहाळ्यात ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं आणि दिवसभराची मर्यादा साधारण २००० ते ३००० (तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या). म्हणून पहिलं काम, येणाऱ्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा, शहाळं नको.

मग रिपोर्ट वाचायला शिका. रक्तातलं पोटॅशियम (रिपोर्टवर mEq/L किंवा mmol/L) नॉर्मल ३.५ ते ५, डायलिसिसच्या आधी ५.५ पर्यंत बहुतेक वेळा चालवून घेतात, ६ च्या वर दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आता भाजी. बटाटा, सुरण, रताळं सोलून अगदी पातळ काप करायचे, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उकळायचे आणि तेही पाणी ओतायचं. आई पहिल्यांदा ते पाणी आमटीत घालायला निघाली होती, वाया कसं घालवायचं म्हणून, तिथेच थांबवलं, कारण पोटॅशियम त्या पाण्यातच उतरलेलं असतं. असं केलं तरी सगळं जात नाही, त्यामुळे वाढायचं थोडंच. रोजच्याला दुधी, पडवळ, कोबी, काकडी बरी. भात, घावणे चालतात पण नारळाचा रस, सोलकढी हात राखून.

फळात आंबा, फणस, केळं, चिकू आणि सुके काजू यांच्यावर लक्ष ठेवा, मे महिन्यात तर जास्तच. सफरचंद, पेर, अननसाची छोटी फोड त्यापेक्षा बरी. आणि करमळं, ती कापल्यावर चांदणी दिसते ती, अजिबात नाही, किडनीच्या पेशंटच्या थेट मेंदूवर परिणाम होतो त्याचा.

कमी सोडियमवालं मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. अंगदुखीची गोळी, काढा, पावडर मनाने देऊ नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण किडनी बंद असली की थोडं पोटॅशियम शौचावाटे जातं.

सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसची पाळी असेल तर शुक्रवार ते सोमवार हा गॅप सगळ्यात लांब, शनिवार-रविवारी पथ्य जास्त कडक पाळा, आणि पावसात रस्ता बंद होतो, एसटी चुकते म्हणून पाळी चुकवू नका, आदल्या दिवशीच तालुक्याला नातेवाईकांकडे मुक्कामाला जा.

पाय लुळे वाटले, ठोके चुकल्यासारखे झाले, छातीत धडधडलं तर पुढच्या पाळीची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. कधीकधी काहीच जाणवत नाही हेही लक्षात ठेवा. हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या सांगा की पेशंट डायलिसिसवर आहे, पोटॅशियमची शंका आहे, आधी ईसीजी काढा.