स्टार आणि प्रश्नचिन्ह: मुलाखतीआधी एवढं करून बघा

नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात प्रोग्रामरच्या पहिल्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींची तयारी मी अधूनमधून घेतो. वाइल्डकार्डचा प्रश्न त्यात ठरलेला. एक मजकूर, एक पॅटर्न. पूर्ण जुळतात का, सांगा. `?` म्हणजे नेमकं एक अक्षर, `*` (स्टार) म्हणजे कितीही, शून्यसुद्धा.

आधी रेजेक्स (मजकुरात नमुने शोधायची दुसरी पद्धत) डोक्यातून काढा. तिथला `*` आपल्या आधीच्या अक्षराला चिकटलेला असतो, इथला स्वतंत्र असतो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या लाइकमध्ये हेच काम `%` आणि `_` करतात.

बहुतेक जण रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन, लिहून मोकळे होतात. मग मी पॅटर्नमध्ये दहा-बारा `क*` लागोपाठ ठेवतो, शेवटी एक `ख`, आणि मजकुरात नुसते `क`च `क`. प्रत्येक स्टारला किती द्यायचं, याच्या सगळ्या शक्यता तपासत प्रोग्राम बसला तिथेच! यावर डायनॅमिक प्रोग्रामिंगचा तक्ता, म्हणजे छोट्या तुकड्यांची उत्तरं मांडून ठेवून पुन्हा वापरणं, हा सरळ उपाय. तो यायलाच हवा, पण यूट्यूब बघून तो सगळेच पाठ करून येतात.

खरी मजा तक्त्याशिवायच्या उत्तरात आहे. शेवटचा स्टार पॅटर्नमध्ये कुठे भेटला आणि त्याच्यापुढचा तुकडा मजकुरात कुठून जुळवत होतो, एवढंच लक्षात ठेवायचं. पुढे अडलं, की त्या स्टारला एक अक्षर जास्त द्यायचं आणि पुन्हा जुळवायचं. आता कोणीही विचारणार, "काऊन? आधीच्या स्टारकडे परत जायला नको?" नको. दोन स्टारच्या मधला तुकडा जितका लवकर जुळेल, तितका पुढे मजकूर जास्त उरतो, आणि पुढचा स्टार तर हवं तेवढं गिळतो. मग मागच्याला आणखी खाऊ घालून नवीन काही हाती लागत नाही. वाईटात वाईट वेळ इथेही दोन्ही लांबींच्या गुणाकाराएवढा, पण जादा मेमरी जवळपास लागतच नाही. हे "का" स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर कोड थोडा अडखळला तरी मी फार मनावर घेत नाही. मजकूर संपल्यावर पॅटर्नच्या शेवटी उरलेले स्टार मात्र विसरू नका.

शेवटी एक मराठी चाचणी. पायथनमध्ये `नागपूर` हे `????` शी जुळतं का? जुळत नाही. आपण चार अक्षरं वाचतो. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) काना आणि ऊकार वेगळे धरले जातात, म्हणून पायथन ६ मोजतो. यूटीएफ-८ मधला (युनिकोड बाइटमध्ये साठवायची पद्धत, यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट) तोच शब्द बाइट मोजणाऱ्या सी प्रोग्रामला दिला, तर १८. मराठी नावं शोधायचं सॉफ्टवेअर असेल, तर `?` ने नक्की काय मोजायचं, हे कोड लिहायला घेण्याआधीच समोरच्याला विचारून घ्या.