गिझरच्या गंजलेल्या जोडण्या उघडण्याआधी

गिझरचा गंजलेला निपल (आटे असलेला जोडणीचा छोटा तुकडा) किंवा कनेक्शन पाईप बदलायचा असेल, तर आदल्या दिवशीच गच्चीवर जाऊन आपल्या बाथरूमकडे उतरणाऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो की नाही, ते पाहून या. गेल्या वेळी हे काम करताना माझे नेमके हेच पाहायचे राहून गेले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात वर्षानुवर्षे न फिरवलेला अँगल कॉक (गिझरजवळ भिंतीवर असलेला पाणी बंद करण्याचा छोटा नळ) हाताला घट्ट लागला तरी आतून पुरता बसलेला नसतो, आणि ते कळते तेव्हा पाईप सुटलेला असतो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून घरातला नळ उघडा आणि धार पूर्ण थांबेपर्यंत थांबा, कारण उभ्या पाइपात उरलेले पाणी काही वेळ येतच राहते. व्हॉल्व्हवर खूण करा, गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेवा आणि त्याच लाइनीवरच्या शेजाऱ्यांना वेळ कळवा.

मग जोडणी नीट उजेडात पाहा. लालसर तपकिरी पूड लोखंडाची असते, हिरवट डाग पितळेचा आणि पांढरा खडबडीत थर क्षारांचा. असा थर दिसला की तिथे थेंब थेंब पाणी झिरपून वाळते आहे, असे समजावे. पाणी जोडणीतून न येता गिझरच्या खालच्या झाकणातून येत असेल, तर आतली टाकीच गळत असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग निपल बदलण्यात अर्थ नाही.

नट फिरवायचे पाने दोन हवेत, आणि याबाबत तडजोड नको. एका पान्याने टाकीकडून आलेली नळी स्थिर धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर टाकीला जोडलेली नळीच पिळली जाते आणि चांगला गिझर निकामी होतो. गंज सैल करणारा स्प्रे अर्धा तास आधी मारून ठेवा. तारेचा ब्रश, टेफ्लॉन टेप, बादली हे असतेच. नवे सामान आणताना साधा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) निपल घेऊ नका, कारण पितळेला टेकलेले लोखंड पाण्यात आणखी लवकर गंजते. रबरी वॉशर दोन जास्तीचे आणा. गंजलेल्या जोडावर एम-सील थापणे ही दुरुस्ती नव्हे. गंज आत चालूच राहतो.

वीज बंद करणे म्हणजे केवळ बटण बंद करणे नव्हे. एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा, गिझरची लाइन तोडणारा स्विच) खाली करा आणि प्लग असेल तर तोही काढा. नळाला हात लावताना कधी झिणझिण्या आल्या असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाणी थंड होऊ द्या. इथे अनेकांची फसगत होते: गरम पाण्याचा नळ कोरडा पडला म्हणून टाकी रिकामी झाली असे होत नाही. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून बाहेर पडते, त्यामुळे पंधरा लिटरचा गिझर तसाच भरलेला राहतो आणि थंड पाण्याची जोडणी सोडली की ते सगळे खाली येते. म्हणून गरम नळ उघडा ठेवूनच ती जोडणी हळूहळू सोडा, आणि त्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह खरोखर बंद आहे, हे पुन्हा एकदा पाहा. व्हॉल्व्ह दाद देत नसेल, तर त्या दिवशी पान्याला हात लावू नका. आधी सोसायटीकडून तो बदलून घ्या.

जोडताना टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. वॉशरच्या नटाला टेप नको. प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बंद करू नका, बदला. पाणी सोडा, गरम नळातून अखंड धार येऊ द्या, जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा, आणि मगच एमसीबी वर करा. टाकी भरलेली नसताना वीज दिली तर कॉइल जळते.