नील कॅसेडी नीट समजून घ्यायचाय? मग या क्रमाने वाचा

सुरुवात अमेरिकन लेखक जॅक केरुआकच्या १९५७ च्या 'ऑन द रोड' या कादंबरीपासूनच करा, त्यातला डीन मोरियार्टी म्हणजे त्याचा मित्र नीलच. पण प्लीज तिथेच थांबू नका, बरेच जण थांबतात आणि मग गाडी पळवणारा बेफिकीर पोरगा एवढंच डोक्यात राहतं. लगेच नीलचं केरुआकला लिहिलेलं डिसेंबर १९५० चं पत्र घ्या, 'जोन अँडरसन लेटर' म्हणतात त्याला, हे वाचून केरुआकची लिहायची पद्धतच बदलली आणि नंतर ते कित्येक वर्षं हरवलेलं होतं. मनात नको, मोठ्याने वाचा, तो वेग कानालाच कळतो.

मग 'द फर्स्ट थर्ड', त्याचं अपुरं आत्मचरित्र. नील १९६८ मध्ये मेक्सिकोत वारला आणि हे आलं १९७१ ला. डेन्व्हरमध्ये दारुड्या बापासोबत काढलेलं बालपण यात आहे, हा भाग हळू वाचा.

आणि त्याची बायको कॅरोलिन, तिचं 'ऑफ द रोड' अजिबात सोडू नका! नवरा रेल्वेत ब्रेकमन, मधेच सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात, घरी तीन मुलं, हे सगळं तिने निभावलं. हे वाचून झालं की 'ऑन द रोड'मधली कमील पुन्हा काढून बघा, ती कॅरोलिनच आहे.