सावित्रीबाईंचं बालचरित्र आणि सहा तासिका

३ जानेवारी, म्हणजे बालिका दिन जवळ आला की शाळेच्या ग्रंथपेटीतून सावित्रीबाई फुल्यांचं बालचरित्र बाहेर निघतं. चार मुली त्यातून भाषण पाठ करतात आणि पुस्तक परत पेटीत जातं. त्याच पुस्तकाला आणखी एक जोडून पाचवी ते सातवीच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या सहा तासिका नीट घेता येतात. त्यातून मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लागते: हे लेखकाला कसं कळलं?

एकाच पुस्तकावर हे जमत नाही. एकाच व्यक्तीवरची, वेगवेगळ्या लेखकांची दोन बालचरित्रं लागतात. पाच मुलांत एक प्रत असेल तर उत्तम. प्रती कमी असतील तर एक पुस्तक तुम्ही मोठ्याने वाचा आणि दोन्हींतल्या एकाच प्रसंगाच्या दोन-दोन पानांच्या झेरॉक्स गटांना द्या. वर्गात नेण्याआधी दोन्ही पुस्तकं हातात पेन्सिल घेऊन स्वतः वाचा आणि ठळक सालं तपासा: जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, लग्न १८४०, भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८, ‘काव्यफुले’ हा सावित्रीबाईंचा कवितासंग्रह १८५४, बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३, जोतीरावांचं निधन १८९०, सावित्रीबाईंचं निधन १० मार्च १८९७. एखादं साल चुकलेलं आढळलं तर पुस्तक बाजूला ठेवू नका, ती चूक मुलांनाच शोधू द्या. शाळा सुरू झाल्याची तारीख सगळीकडे एकच दिलेली नसते. हा फरक दोन पुस्तकांत सापडला तर फळ्यावर लिहा आणि सहाही तासिका तसाच राहू द्या.

पहिली तासिका फक्त वाचनाची. मध्ये थांबून प्रश्न विचारू नका, गोष्ट म्हणून ती आधी आवडायला हवी.

दुसऱ्या तासिकेत रंगीत पेन्सिली काढा. झेरॉक्सवरची जी वाक्यं कागदोपत्री नोंदलेली असू शकतात (साल, गाव, नाव, संस्था) त्यांखाली निळी रेघ. जी लेखकाने मनाने भरली असावीत (मनातले विचार, घरातलं बोलणं, हवा-पाऊस) त्यांखाली लाल. ठरवता आलं नाही तर समासात प्रश्नचिन्ह. पहिली तीन वाक्यं फळ्यावर सगळ्यांनी मिळून करा, नाहीतर निम्मा वर्ग अवतरणचिन्हातलं सगळं निळं करतो, कारण ‘त्या असं म्हणाल्या’ हे छापलेलं आहे. अशा वेळी एवढंच विचारा: तेव्हा खोलीत कोण होतं? त्यातल्या कोणी हे लिहून ठेवलं असेल?

शेण-चिखलाचा आणि दुसऱ्या लुगड्याचा प्रसंग इथे हमखास येतो. मुलं तो निळा करतात. आता दुसरं पुस्तक उघडा. तिथे तोच प्रसंग येतो, पण बोलणं बहुधा वेगळं असतं. मुलांच्या लगेच लक्षात येतं की प्रसंग एक आणि संवाद दोन, म्हणजे निदान संवाद तरी लेखकांचे आहेत. याच क्षणी कोणीतरी म्हणतं, “मग हे सगळं खोटंच का?” हा प्रश्न घाईने मिटवू नका. लाल रेघ म्हणजे खोटं नाही, त्या जागी लेखकाने कल्पनेने पूल बांधला आहे, हे सांगा. शाळेला विरोध झाला हे एक विधान. विरोध करणारा नेमकं काय बोलला हे दुसरं. दोन्ही वेगळी लिहून घ्या.

तिसऱ्या तासिकेला सुतळी आणि चिंचोके आणा. एक वर्ष म्हणजे पाच सेंटिमीटर धरलं तर सहासष्ट वर्षांचं आयुष्य तीन मीटर तीस सेंटिमीटर होतं. सुतळी जमिनीवर ताणून १८३१ ला शून्य धरा. लग्न ४५ सेंटिमीटरवर, भिडेवाडा ८५ वर, ‘काव्यफुले’ ११५ वर, बालहत्या प्रतिबंधक गृह १६० वर, जोतीरावांचं निधन २९५ वर. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, म्हणजे ११० वर; तिचीही चिठ्ठी ठेवा. शाळा निघाली तेव्हा या देशात प्रवाशांची आगगाडी नव्हती, हे मुलांना सुतळीवर बोट ठेवून कळतं. गफलत नेहमी गुणाकारात होते, म्हणून आधी वय काढायला सांगा आणि मग पाचने गुणायला.

आता पुस्तकाच्या प्रत्येक पानामागे एक चिंचोका, ते पान ज्या सालाबद्दल आहे त्या जागी. बालचरित्रांत बहुतेक चिंचोके ८५ च्या आसपास ढीग करून बसतात आणि १६० च्या पुढे सुतळी जवळजवळ मोकळी पडते. हे सांगायची गरज पडत नाही, मुलांना ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून ही तासिका काही झालं तरी गाळू नका.

चौथ्या तासिकेत ती मोकळी जागा भरा. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं छापून उपलब्ध आहेत. १८६८ च्या पत्रात गावकऱ्यांच्या तावडीतून एका जोडप्याला वाचवल्याची हकिकत आहे, १८७७ च्या पत्रात दुष्काळाची. प्रत्येकी आठ-दहा ओळी पुरेत. जुन्या वळणाची भाषा मुलांना अडते, म्हणून पाच अवघड शब्द आधी फळ्यावर द्या, पण पत्र सोपं करून लिहू नका. पत्र वाचल्यावर मुलं १८५ आणि २३० वर नव्या चिठ्ठ्या लावतात.

पाचवी तासिका मुक्ता साळवेची. फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. तिचं वय तुमच्या मुलांहून फार जास्त नव्हतं. इथे शिक्षकाने जपायला हवं. कोणत्याही मुलाला त्याच्या जातीच्या वतीने बोलायला लावू नका, ‘तुमच्याकडे असं होतं का’ असं तर मुळीच विचारू नका. निबंध आधी स्वतः दोनदा वाचा आणि वर्गात कोण बसलंय ते ध्यानात ठेवून उतारा निवडा. याच कारणाने शेण फेकणाऱ्यांची भूमिका मुलांना नाट्यीकरणात देऊ नये. खेळ संपतो, पण ते नाव मैदानावर त्या मुलाला चिकटतं. अभिनय करायचाच असेल तर पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलीच्या घरात काय बोलणं झालं असेल, तो प्रसंग घ्या आणि ‘हे लाल रेघेचं’ असं आधीच जाहीर करा.

शेवटच्या तासिकेला जन्म-शिक्षण-कार्य-मृत्यू छापाचा प्रकल्प देऊ नका, तो गाइडमधून उतरून येतो. त्याऐवजी प्रत्येक गटाने बालचरित्राला जोडायचं एक पान लिहावं: सुतळीवरची मोकळी जागा निवडून, दीडशे शब्दांत, निदान तीन निळी वाक्यं आणि जास्तीत जास्त दोन लाल. रेघा मुलांनी स्वतः मारायच्या. तपासताना आधी निळ्या वाक्यांना ‘कुठून कळलं?’ विचारा, शुद्धलेखन नंतर. तयार पानं पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत पाकीट चिकटवून त्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यांवरही पेन्सिल चालवता येईल.